बादलीच्या काठीचं दुसरं टोक

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद शेवटी, उरले तर. आज परत अख्खा रविवार तुझ्या त्या काचेच्या समुद्रापायी गेला, आणि छताला ओल आली म्हणून खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझी खरडपट्टी काढली ती वेगळीच. सहा दिवस मी हॉटेलच्या लाँड्रीत ओल्या चादरी उपसते. सातव्या दिवशी पाय लांब करून बसावं म्हटलं, तर टाकीतल्या तुझ्या पोवळ्यांना ताजं पाणी पाहिजे. मीठ घोळवा, पंप घालून ढवळा, खारटपणाचा काटा बघा, जुनं उपसा, नवं ओता, फरशी पुसा. एखादीचं बाळंतपण काढणं परवडलं. ती निदान महिन्याभराने उठून कामाला लागते.

तू होतास तेव्हा गोष्ट वेगळी होती. बादलीच्या कडीत काठी घालायची, एक टोक तुझ्या खांद्यावर, एक माझ्या, आणि न्हाणीघरातून बैठकीपर्यंत डुलत डुलत जायचं. तू उंच म्हणून सगळं वजन घसरत माझ्याकडे यायचं आणि मी तुला वाकून चाल म्हणून ओरडायची. सांडायचं तेव्हाही, पण सांडलं तर भांडायला समोर माणूस होता. आता काठी दाराआड उभी आहे आणि मी मगाने पाणी नेते. जा, ये, जा, ये. कंबर अशी धरलीय की चपलेत पाय घालताना भिंत लागते.

तू तिकडे नोकरी म्हणून खाऱ्या पाण्याचं गोडं करतोस आणि मी इकडे फुकटात गोड्याचं खारं करतेय. आईबापांनी आपल्याला काय शिकवलं कोण जाणे.

फोनवर हे सगळं सांगता येत नाही. तू घाईत हो हो करतोस, मी चिडते आणि फोन ठेवते. म्हणून लिहितेय. माझी जोडाक्षरं चुकली तर चुकली, वाचणाऱ्याने समजून घ्यावं. यातून सुटका कशी ते सविस्तर कळव, नाहीतर एक दिवस तुझे मासे कढईत दिसतील.

उरलेले आशीर्वाद घे. जेवत जा.

तुझी,
ताई

---

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारचा फिटर विचारायला लागला की घरी सगळं ठीक आहे ना, कारण मी हसतही होतो आणि कपाळही चोळत होतो. म्हटलं, ताईचं पत्र असंच असतं.

आधी हे ऐक, की पाणी दर आठवड्याला बदलायलाच पाहिजे असं काही नाही. मला ती सवय होती, रविवारी दुसरं काही सुचायचं नाही, म्हणून मी कधी कमी करून बघितलं नाही. इथे एकाने आपली टाकी कशी सांभाळली ते सांगितलं, आणि मी थोडं वाचलंही. मासे खातात, हगतात, त्याची घाण पाण्यात विरते. ती आपण बादलीने बाहेर काढतो. दुसऱ्या कुणी काढली तर बादलीचं काम कमी होतं. तर टाकीवाल्याच्या दुकानातून गुंतवळासारखं दिसणारं हिरवं शेवाळ आण, टाकीखालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत सोड आणि वर दिवा लाव. ते घाण खाऊन वाढतं. फेस काढणाऱ्या यंत्राचा पेला भरला की ओतत जा. माशांना चिमूटभरच खायला घाल, तुझ्या हाताची चिमूट नव्हे, माणसाची. चाचणीच्या बाटलीत पाणी घेऊन रंग बघ. फिकट पिवळा असला तर चांगलं, लाल झाला तर घाण वाढली.

एकदम बंद करू नको. आधी एक रविवार सोडून एक बदल. पोवळी नेहमीसारखी उघडत असली तर त्यांना चाललं असं समजायचं आणि आणखी थोडं कमी करायचं. इतकं हळू, की काही कमी झालंय हे त्यांना कळायलाही नको.

वाफ होऊन उडालेलं पाणी भरताना मात्र साधंच भर, खारं नको. मीठ उडत नाही.

बादली एकटीने उचलू नकोस. ऑगस्टला माझा करार संपतो, मग काठीचं एक टोक मी धरतोच. खालच्या आजींना माझा नमस्कार आणि माफी दोन्ही सांग. तुझा लोभ आहे म्हणूनच शिव्या मिळतात हे मला माहीत आहे, त्यात कपात नको.

तुझा,
धाकटा

---

२४ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ., या खेपेला पूर्ण.

आटलं की खारट होतं हे मला शिकवतोस? तुझ्या जन्माआधीपासून आमटी ढवळतेय. असो.

टाकीवाल्याकडून शेवाळ आणलं. मेलं असं माजलंय की माझ्या डोक्यावर नाहीत तेवढे केस कपाटात झालेत. दर थोड्या दिवसांनी कात्रीने कापून टाकते. रंग फिकट पिवळा येतोय. खायला चिमूटभरच घालते, त्यामुळे नारिंगी माशांचं जोडपं माझ्याकडे अशा नजरेने बघतं, जणू मीच त्यांचं खाल्लं. न्हावी मजेत आहे. तो लांब मिशांचा झिंगा दगडाखाली दुकान मांडून बसतो आणि तुमचे पिवळे मोठेसाहेब रोज दाढीला आल्यासारखे तोंड वर करून त्याच्यापुढे उभे राहतात. तुझी आठवण येते. तूही आरशापुढे असाच उभा राहून उशीर करायचास.

पोवळ्याची जांभळी फांदी बरी आहे. तू आणलीस तेव्हा बोटाएवढी होती, आता माझ्या पंजाएवढी आहे. तिच्यासमोर काचेवर हात धरून बघितला.

पाणी एक रविवार सोडून बदलते. मोकळा रविवार पहिल्यांदा आला तेव्हा उशीवर ऊन येईपर्यंत झोपले. मग उठून खिडक्या पुसल्या. त्या पुसलेल्याच होत्या. मग तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली. मग जेवले, आणि बघते तर दुपारच झाली होती. खालच्या आजी जिना चढून आल्या, की आज वर धडधड नाही, बरी आहेस ना. त्यांना म्हटलं, भावाने रजा दिलीय. त्या म्हणाल्या, मग चेहरा असा का. म्हाताऱ्या माणसांना नसत्या चौकशा.

आता मोकळ्या रविवारी काय करायचं तेही लिहून पाठव, कारण ते तू लिहायला विसरलास. कंबर बरी आहे. विचारलं नाहीस म्हणून सांगितलं.

लोभ आहे, तो मोजून बघू नकोस.

तुझी,
ताई

---

२८ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कामाच्या पाळ्या बदलल्या.

रंग फिकट राहतोय म्हणजे फारच छान. आता महिन्यातून एकदाच पाणी बदल. तुला आराम आणि त्यांनाही सवय.

इकडे ठीक. आमच्याकडे दुपारचं ऊन थेट आत येतं, म्हणून पडदे लावले, मोरपंखी. आधी राखाडी बघितले होते, पण त्याने खोली उगाच उदास वाटली असती. करार थोडा वाढेल असं साहेब म्हणतो. नक्की काही नाही, नक्की झालं की कळवतो.

कंबरेला शेक दे. लोभ होता तसा ठेव.

तुझा,
धाकटा

---

१२ मे

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

तू आणि पडदे! पत्र वाचून मी लाँड्रीत एवढ्याने हसले की इस्त्रीवालीने मशीन थांबवलं. आपल्या बैठकीच्या पडद्यांचा रंग सांग बघू. जाऊ दे, नाही सांगता येणार. तुला पडदा आणि टॉवेल यांतला फरक कळत नव्हता, हात धुतला की जे हाताला लागेल त्याला पुसायचास. आणि आता म्हणे राखाडीने खोली उदास दिसते. हे बोलणं तुझं नव्हे. हे कुणीतरी दुकानात तुझ्या शेजारी उभं राहून बोललंय, आणि तू मान डोलावलीस.

आणि आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? मी तर समजत होते की आमच्याकडे म्हणजे इकडे.

लाजू नको. मी काही खाणार नाहीये. कोण आहे, काय करते, डोक्याने बरी आहे का, एवढं लिही. तुला सांभाळतेय म्हणजे डोक्याने बरी नसणारच, पण तरी लिही.

टाकीचं सांगायचं तर पाणी महिन्यातून एकदा. रंग फिकटच. मासे बरे. जांभळी फांदी बुडाशी जराशी पांढुरकी वाटते. चष्मा लावून बघितली, काढून बघितली. वरचं टोक जांभळंच आहे. काय करू?

आता रविवारी मी टाकीपुढे खुर्ची घेऊन बसते. काम काही नाही. पूर्वी पाणी ओतताना त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता, आता वेळ आहे तर ते माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे. संध्याकाळी दिवा निळा होतो आणि सगळी पोवळी मिटतात. मग मी पण जेवून घेते. एकट्यापुरतं शिजवायला माझा हात अजून बसत नाही, रोज उरतं.

ऑगस्टचं नक्की काय ते लिही. गादी मी परत उन्हात टाकली.

तुझी,
ताई

---

३० जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

कामात आहे, थोडक्यात लिहितो.

फांदी जुनी झाली की बुडाशी पांढरी होते, सावली पडते ना तिथे. काळजी करू नकोस. चाचणीचा रंग चांगला आहे म्हणजे सगळं चांगलं. आता पाणी बदलणं बंदच करून बघ. टाकी आपली आपण चालली पाहिजे, कुणावाचून तिचं अडायला नको. एवढं साधलं की मला इकडे घोर नाही.

आणि पुढेमागे तुला कंटाळा आलाच, तर टाकीवाला सगळं उचलून न्यायला तयार आहे. बाकी सविस्तर पुढे कधीतरी.

लोभ आहेच.

तुझा,
धाकटा

---

१४ जुलै

धाकट्या,

चिरंजीव वगैरे आज लिहीत नाही, पण तू चिरंजीवच आहेस, मेला नाहीस, म्हणून रागावतेय.

टाकीवाल्याला मीच बोलावलं होतं. तुझं पत्र यायच्या आधीच फांदीचं बूड चुन्यासारखं पांढरं झालं होतं आणि ते रोज वर चढत होतं. सावली कसली, डोक्यावर दिवा आहे. टाकीवाला आला, गुडघ्यावर बसला, आणि त्याने पहिलं हे विचारलं की पाणी कधी बदललं. मी त्याला तुझं सगळं शास्त्र सांगितलं. घाण शेवाळ खातं, रंग फिकट आहे, एक एक रविवार कमी केला, भावाने लिहिलं तसं. तो म्हणाला, घाण नाहीच आहे ताई, पाणी स्वच्छ आहे. पण पोवळं आपली हाडं स्वतः बांधतं आणि त्याला लागतं ते पाण्यातून ओढून घेतं. डॉक्टर मला गोळ्या देतो ना, तेच कॅल्शियम, आणि आणखी काय काय. दर रविवारी नवं पाणी पडायचं त्यातून ते परत यायचं. शेवाळ घाण काढतं, पण संपलं ते आणून देत नाही. म्हणजे वाईट काही साठलं नव्हतं. चांगलं होतं ते संपत गेलं होतं आणि बाटलीत रंग मात्र फिकट पिवळाच.

तुला हे माहीत नव्हतं म्हणून मी तुला बोलत नाही. तू आयुष्यभर दर रविवारी पाणी बदललंस, तुला कशाला माहीत असेल. काय संपतं ते कळायला आधी ते बंद पडावं लागतं.

मग तो टेप काढून टाकीची लांबी मोजायला लागला. म्हटलं, हे काय. तर म्हणाला, भाऊंचा फोन आला होता उन्हाळ्याच्या आधी. ते परत यायचे नाहीत आणि ताईंना झेपायचं नाही, तेव्हा सवडीने टाकी घेऊन जा, पण ताईंना आत्ताच बोलू नका, हळूहळू सवय होऊ दे. बिचारा सांगून बसला आणि माझं तोंड बघून टेप गुंडाळायला विसरला. त्याला चहा दिला. त्याचा काय दोष.

मग तुझं हे पत्र आलं, तेव्हा मी तुझी तिन्ही पत्रं काढली आणि ओळीने मांडली. पहिलं पत्र लांब. दुसरं त्याच्या अर्धं. तिसरं तर किराणा सांगावा एवढं. मग मला कळलं. इतकं हळू कमी करायचं की कळायलाही नको. हे तू पोवळ्यांबद्दलच लिहिलं होतंस ना, की माझ्याबद्दल? माझा पण रंग बघत होतास काय तू तिकडून? ताई पत्रात विनोद करतेय, म्हणजे फिकट पिवळा, म्हणजे आणखी थोडं कमी केलं तरी चालेल?

अरे मी माणूस आहे. मला तोंडाने सांगता येतं.

मी नवऱ्याचं घर सोडून तुझ्या दारात उभी राहिले होते ते तुला आठवत असेल. हातात एक पिशवी होती. तू का आलीस म्हणून विचारलं नाहीस. टाकीच्या जवळचा सोफा सरकवलास, माझी गादी टाकलीस आणि म्हणालास की रात्री पंपाचा आवाज येईल, त्याची सवय कर. एवढंच. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. आता तुझं घर दुसरीकडे होत असेल तर मी आडवी येईन असं तुला वाटलंच कसं? मोरपंखी पडदे निवडणाऱ्या बाईला मी काय चावणार आहे? तिला माझा आशीर्वाद आहे, तुझ्या वाट्याचासुद्धा तिलाच दे. तू राहा तिकडे. नांदा. मी एक अक्षर बोलणार नाही.

पण मला गुपचूप आटवू नकोस. मी रोज लाँड्रीतून येऊन जिन्यातली पत्रपेटी उघडते, तर आत विजेचं बिल. खालच्या आजी आता माझ्यासाठी दार उघडं ठेवतात, मी वर जाताना चार शब्द बोलावेत म्हणून. त्या माझ्यावर उपकार करतायत हे मला कळतं आणि त्यांना वाटतं मला कळत नाही. तुम्हा सगळ्यांना मी इतकी ठोंबी कधीपासून वाटायला लागले?

टाकी मी देत नाही. टाकीवाल्याला तसं सांगितलंय. त्याने रोज थेंब थेंब घालायला बाटल्या दिल्यात, त्या घालते, आणि पाणी पुन्हा दर रविवारी बदलते. त्याचं म्हणणं, बाटल्या आहेत तर एवढ्या पाण्याची गरज नाही. म्हटलं, त्यांना नसेल, मला आहे. शेवाळ आहे, बाटल्या आहेत, त्यामुळे मोठ्या बादलीऐवजी छोटी पुरते. मगाच्या खेपा कमी होतात, कंबर बोलत नाही. रविवारी सकाळी उठायला काहीतरी आहे. खालच्या आजी काठीने छत ठोकतात, की आज पाणी सांडलं नाही का. म्हणजे सगळं जागेवर आहे.

फांदीचं बूड गेलं ते गेलं. ते पांढरंच राहणार आणि त्यावर शेवाळ धरणार, टाकीवाल्याने स्पष्ट सांगितलं. मला आवडलं, तो स्पष्ट बोलला ते. पण वरचं टोक जगलंय. परवा बघितलं तर टोकाला नखाएवढा नवीन भाग आलाय, दुधी रंगाचा. तो म्हणाला, हा पांढरेपणा वाईट नाही, ही वाढ आहे. मी चष्मा काढून पुसला आणि परत बघितला.

तेव्हा आता माझं ऐक. चार ऑगस्टला रविवार आहे. तुझा करार त्याच महिन्यात संपायचा होता, गादी मी अजून गुंडाळलेली नाही. त्या रविवारच्या आत तुझं पत्र इथे पोचलं पाहिजे. फोन नको, फोनवर तू हो हो करतोस. कागदावर, शाईने. येणार, की येणार नाही. येणार नाही असं असेल तर तसं लिही, मी वाचून एकदा रडेन, मग जेवेन. पण पुढेमागे लिहू नको, कधीतरी लिहू नको, साहेब म्हणतो लिहू नको. आणि नाही आलास तरी पत्र पूर्वीसारखं लांब पाहिजे. त्यात काय घालायचं हे सुचत नसेल तर तिला विचार, पडदे सुचतात तिला हेही सुचेल.

लोभ ठेव म्हणून मी विनवणार नाही. असेल तर दिसू दे.

काठी अजून दाराआडच उभी आहे. चार तारखेला ती बाहेर काढायची की मी मगानेच पाणी न्यायचं, तेवढं त्याआधी कळव.

तुझी,
ताई